बंबाची कंबर

१

बुधवारी सकाळी काचेचं कपाट उघडलं तर बंब उभा होता. सोमवारी आम्ही तो आडवा ठेवला होता.

बंब म्हणजे खेळणं. वीतभर लांबीची लाल आगीची गाडी. ठरलेल्या क्रमाने वळवली, ओढली, दुमडली की तिचा रोबो होतो. शिडी पाठीवर जाते, चाकं खांद्यांत लपतात आणि आतून एक गंभीर चेहरा वर येतो. कारखाना कधीच बंद पडला. धडधाकट बंब आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि ते ज्यांच्याकडे आहेत ती चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यांना पोटच्या पोरासारखं जपतात. हसायचं तर हसून घ्या. मीही पहिलं वर्षभर हसले होते.

आमच्या कार्यशाळेत अशी खेळणी पारखायला येतात. मास्तर गुण-दोष सांगतात, चिमट्या दुरुस्ती करतो, मी अहवाल लिहिते. चिमट्याच्या खिशात चिमटा नाही असा दिवस मी एकोणीस वर्षांत पाहिलेला नाही, म्हणून त्याचं नाव चिमट्या. मला सगळे बाई म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंतले दोष सुवाच्य अक्षरात लिहून माझा स्वभावही तसाच झालाय, असं चिमट्या म्हणतो. खरं असेल.

मी बंब उचलला. धड माझ्या हातात आलं आणि खालचं अर्धं अंग लोंबकळायला लागलं. कंबरेतली खिटी तुटली होती.

तासाभरात डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे दातांचे. बंब त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ दोन महिन्यांपूर्वी गेला, आणि जाण्याआधी एवढंच म्हणाला होता की माझा बंब एकदा मास्तरांच्या हातून पारखून घे. डॉक्टरांनी ती लोंबकळणारी कंबर पाहिली आणि स्टुलावर बसले. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

"शुक्रवारी पाच वाजता येतो," ते म्हणाले. "अहवालात कारणाचा रकाना असतो ना? तिथे मला नाव हवंय. ते सगळ्या संग्राहकांना कळलं पाहिजे."

त्या रकान्यात ज्याचं नाव जातं, त्याच्या हातात पुन्हा कोणी खेळणं देत नाही. पूर्वी एकदा एकाचं गेलं होतं. तो आता कुलपं दुरुस्त करतो.

डॉक्टर जिना उतरेपर्यंत चिमट्या चिमटा पुसत बसला. मग चिमटा खिशात ठेवत म्हणाला, "बाई, माझं नाव लिहा."

२

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हटलं. "कसा मोडलास ते सांग."

"हातून निसटलं."

"निसटून खिटी तुटत नाही."

"मग फिरवताना तुटली. काहीही लिहा ना! तुमचं अक्षर चांगलं आहे."

तो शेवटचं वाक्य थट्टेने म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. मी दार लावून घेतलं, दिवा ओढला आणि भिंग घेतलं. अहवाल लिहिणारीला बघणं तरी यायलाच हवं.

बंबाची एक खोड आहे. गाडीचा रोबो करताना आधी कंबर अर्धा फेरा फिरवायची आणि मग पाय खाली ओढायचे. परत गाडी करताना क्रम उलटा, आधी पाय वर आणि मग कंबर. आधी पाय ओढले तर आतली स्प्रिंग खिटीवर चढून बसते, आणि कंबर फिरवली की खिटी जाते. दुर्दैव असं की डब्यातल्या सूचनांच्या कागदावर नेमकी सहावी आणि सातवी चित्रं छापखान्यात उलटसुलट झाली. कागद बघून वळवला की बंब मेलाच. हे जगाला पहिल्यांदा कळलं ते मास्तरांमुळे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी कागदावर विसंबून स्वतःचा पहिला बंब मोडला, आणि मग सापडेल त्या संग्राहकाला पत्र लिहून कळवलं: आधी कंबर, मग पाय. आमच्या अहवालाच्या माथ्यावर आजही ते छापलेलं असतं. या छंदातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हेच म्हणेल.

आणि हा बंब आधी पाय ओढूनच मोडला होता. स्प्रिंगचा ओरखडा खिटीवर स्पष्ट दिसत होता. म्हणजे कोणीतरी कागद बघून वळवला. डब्यातला कागद मी काढला, तर घडी ताजी मोडलेली.

चिमट्या? ज्याने एकोणीस वर्षं हीच खिटी दुरुस्त केली, तो कागद बघेल? छे.

मग मी तुटलेली कड पाहिली आणि बुचकळ्यात पडले. जुनं प्लास्टिक थंड असताना मोडलं तर कडेला पांढरी रेघ उमटते. इथे रेघ नव्हती. खिटी मऊ होऊन वाकली होती आणि मग तुटली होती. म्हणजे वळवण्याआधी कोणीतरी बंब व्यवस्थित शेकला होता. ही पद्धत आमच्या कार्यशाळेची. जुनं खेळणं दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवल्याशिवाय आम्ही त्याचा सांधा हलवत नाही. बाहेरच्या कोणाला हे सुचत नाही.

हात घरचे आणि चूक बाहेरची. अशा माणसाला शोधायचं कुठे?

मी पिशवी बघायला खुंटीकडे गेले. पिशवी तिथेच होती, पण सोमवारी संध्याकाळी ती फाटली होती आणि नवीन अजून आलीच नव्हती.

३

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक चिमट्याकडे, दुसरी वर मास्तरांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. मास्तर आणि काकू कार्यशाळेच्या वरच राहतात.

सोमवारी मास्तरांनी बंब पारखायला घेतला होता. आधी माझ्या चष्म्याची वाकडी काडी त्यांनी दोन बोटांनी सरळ करून दिली. तरुणपणी ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते, ती सवय काही गेली नाही. मग बंब हातात घेऊन नेहमीसारखं डोळे मिटून सुरू झाले. चिमट्या शेजारी उभा राहून पुटपुटत होता, "आधी कंबर... आता पाय... आता शिडी." हल्ली तो फारच पुटपुटतो. मी त्याला म्हटलंही होतं, "मास्तरांना शिकवतोस का रे?" तो हसला होता. तेवढ्यात मास्तर दमले, आणि बंब पुन्हा गाडी करून कपाटात ठेवला. अहवाल राहिला.

मंगळवारी फोटोवाली आली होती. तिला फोन केला.

"मी कशाला वळवू?" ती उसळली. "मला ते वळवता येत असतं तर फोटो कशाला काढले असते? बारा वाजता मी निघाले, तेव्हा गाडीच होती. चिमट्यांनी माझ्यासमोर कुलूप लावलं. शेवटचा फोटो काचेतूनच काढलाय, पाठवते."

फोटो आला. बंद कपाटात लाल गाडी, शिडी खाली. मुलगी खरं बोलत होती. कागदावर विसंबली असती अशी ती एकटीच, आणि ती सुटली.

मंगळवारी बारानंतर कार्यशाळा बंद असते. म्हणजे जे झालं ते त्या दुपारी.

मी पुन्हा भिंग घेतलं. शिडीच्या खाचेत काहीतरी चमकलं. बारीक पांढरे दाणे, चार-पाच. सुईने एक उचलला आणि, कोणी बघत नाही असं पाहून, जिभेवर ठेवला.

मीठ.

खेळण्यात मीठ! डॉक्टरांची आठवण झालीच. दातांचे डॉक्टर माणसाला दुसरं काय देतात? गरम पाणी आणि मीठ. मंगळवारी चौकशीला येतो असं ते म्हणालेही होते. मी त्यांच्या दवाखान्यात गेले. बाहेर गाल धरून तिघं बसले होते, ते माझ्याकडे रांग मोडणारी म्हणून बघत होते.

"मी माझाच बंब मोडला असं म्हणायचंय तुम्हाला?" डॉक्टरांनी हातमोजे काढले. "मंगळवारी साडेबाराला मी आलो, तर दाराला कुलूप होतं. एकपासून सातपर्यंत इथे होतो. वही बघा. आणि मी सात वर्षांचा असताना दादाने मला पाय आधी ओढताना पाहिलं, तेव्हा एक ठेवून दिली होती. आधी कंबर, मग पाय. गालावर कोरलंय ते." त्यांचा हात खरंच गालाकडे गेला. "दादा शेवटच्या आठवड्यात फक्त बंबाबद्दल बोलायचा. मी त्याला म्हटलं, मास्तरांना दाखवीन. दाखवला, आणि हे झालं."

 मी उठले.

"बाई," ते म्हणाले, "मास्तर काय म्हणतात यावर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन दिवसांत मास्तरांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

४

काकूंनी दार अर्धंच उघडलं. "ते पडलेत जरा."

"तुमच्याशीच बोलायचंय."

आतून मास्तरांचा आवाज आला, "कोण आहे?"

"बाई आहेत. खालच्या. अहवाल लिहितात त्या," काकू म्हणाल्या.

एकोणीस वर्षांनंतर माझी ओळख करून द्यावी लागली, आणि मला ते टोचलं. 

मास्तर खिडकीशी बसले होते. छान दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. त्यांनी माझा चष्मा मागितला, काडी तपासली आणि म्हणाले, "कोणी सरळ केली? चांगली केलीय."

"तुम्हीच, मास्तर. सोमवारी."

"हो का?" ते खूश झाले. "नुसत्या हाताने नाही करायची पण. काडी मोडते. आमचे मालक परातीत मीठ तापवायचे. त्यात काडी खुपसून ठेवायची, चांगली मऊ होते. मग कशीही वळवा. कुठे गेलीय आमची परात?" ते काकूंना विचारत होते.

काकू पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली एक परात पालथी पडली होती, बूड काळंठिक्कर. मी ती नुसती उलटी केली. तळाला मिठाची खपली होती.

"कधीपासून, काकू?"

त्या खाली बसल्या. "वर्ष झालं. नवीन सगळं पुसत चाललंय. जुनं राहतं. कधीकधी मला विचारतात, तुमच्या घरचे वाट बघत असतील ना? त्यांना वाटतं, आमचं लग्न व्हायचंय अजून." त्यांनी नाक पुसलं. "मंगळवारी मी औषधं आणायला गेले. आले तर गॅसवर परात, मांडीवर बंब, समोर कागद. पहिल्यांदाच हातात आल्यासारखे बघत होते त्याच्याकडे. म्हणाले, बघा, किती मजेशीर खेळणं निघालंय. मी तसाच उभा नेऊन कपाटात ठेवला. मला कुठे येतो तो आडवा करायला?"

सगळं जागच्या जागी बसलं. मी बाहेरच्या माणसाची चूक शोधत होते, आणि चूक होती चाळीस वर्षांपूर्वीच्या मास्तरांची. तो तेवीस वर्षांचा मुलगा परत आला होता, ज्याला मिठात काड्या शेकता येत होत्या, पण कागद खोटा आहे हे अजून कळायचं होतं. त्याने तसाच बंब तशाच कागदावरून पुन्हा पहिल्यांदा मोडला. सगळ्या जगात ही चूक करणं ज्याला शक्य नव्हतं असा एक माणूस होता, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"आणि चिमट्यावर आळ येऊ दिलात?"

"मी त्याला रात्रीच सगळं सांगितलं. तोच म्हणाला, 'काकू, तुम्ही गप्प बसा,'" त्या म्हणाल्या. "मी बसले. मी वाईट आहे, बाई. मला माहीत आहे."

५

चिमट्या आपल्या टेबलाचा खण रिकामा करत होता. सुया, ब्रश, पेचकस एका डब्यात लावलेले.

"मीठ राहिलं होतं शिडीच्या खाचेत," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "बुधवारी तुमच्या आधी येऊन सगळं झटकलं होतं मी. राहिलं कसं?"

"म्हातारा झालास."

"असेन."

मी त्याच्यासमोर बसले आणि मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले. की तो गाढव आहे. की त्याला या हातांशिवाय दुसरं काही येत नाही. की घरी बायको आहे, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी कुलपं दुरुस्त करायला कोण ठेवणार आहे त्याला? तो डबा लावत राहिला.

"ते पुटपुटणं," मी विचारलं, "वर्षभर तूच त्यांना सांगत होतास?"

"सांगावं लागायचं. हात चालतात त्यांचे, फक्त पुढचं पाऊल हरवतं. मी कानाशी बोललो की त्यांना वाटायचं आपणच म्हणतोय." त्याने डब्याचं झाकण लावलं. "बाई, त्यांच्याकडे आता नाव सोडून काय राहिलंय? तेही तुम्ही त्या रकान्यात घालणार?"

"आणि तुझ्याकडे काय राहील?"

"मला आठवेल ना, मी मोडला नाही ते. त्यांना काहीच आठवणार नाही."

 आयुष्यभर मी इतरांच्या वस्तूंचे दोष शोधले, आणि वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस पुसला जात होता, दुसरा त्याला शब्द पुरवत होता, आणि मी म्हणत होते, किती वटवट करतो हा. त्या दिवशी टेबलाशी बसून मी रडले. चिमट्याने भिंग पुसायचं फडकं पुढे केलं.

६

शुक्रवारी दुपारभर मी तो कागद पुढ्यात घेऊन बसले. गुणांचा रकाना कोरा, दोषांचा कोरा, कारणाचा कोरा. पावणेपाचला मी फक्त कारणाचा भरला. खरं होतं तेच लिहिलं. चिमट्याचं नाव लिहायला माझा हात वळलाच नाही. ही फुशारकी नाही. मला खोटं लिहिता येत नाही, एवढंच.

पाचला डॉक्टर आले आणि त्यांच्या मागोमाग काकूंचा हात धरून मास्तर उतरले. काकूंना मी काय लिहिलंय ते सांगितलं होतं. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

मास्तरांनी बंब पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले.

"लिहा, बाई. आधी गुण." आवाज पूर्वीचाच होता. "पावलं धातूची, म्हणून उभा राहतो तो स्वतःच्या जिवावर. रंग मूळचा. खांद्याची टकटक चोख, दोन्हीकडे सारखी. चेहरा तर बघा. खेळण्याला एवढा गंभीर चेहरा देणारा माणूस कोण असेल? ज्याने जपलाय त्याने कधी उन्हात ठेवलेला नाही. रोज बघायचा, पण हात क्वचित लावायचा."

डॉक्टर भिंतीकडे वळले.

"आता दोष. हात आतून पोकळ. शिडी जड, त्यामुळे मागे झुकतो. गुडघे जरा सैल." बोटं कंबरेपाशी आली आणि थांबली. त्यांनी डोळे उघडले. "हा मोडलाय."

"हो, मास्तर."

"कागद बघून वळवलाय कोणीतरी." ते खरोखर चिडले होते. "कोण आहे तो? हा का?" त्यांनी चिमट्याकडे बोट केलं. "कोण आहेत हे गृहस्थ? यांना हात लावू देऊ नका."

चिमट्या एक पाऊल मागे सरला. "नाही लावणार, मास्तर," तो म्हणाला.

मी अहवाल पुढे केला. मास्तरांच्या सहीशिवाय तो पुरा होत नाही. त्यांनी चष्मा नीट केला आणि कारणाच्या रकान्यातलं नाव मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव, वडिलांसकट.  चिमट्याने डोळे मिटले.

"मी ओळखत नाही याला," मास्तर म्हणाले. "पण बरं केलंत नाव लिहिलंत ते. अशा माणसाच्या हातात पुन्हा काही देऊ नका."

आणि त्यांनी पेन घेऊन खाली सही केली. हात जराही अडखळला नाही. तेच नाव, तोच वळणदार फराटा.

डॉक्टरांनी कागद घेतला. वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं, पुन्हा वरचं वाचलं. मग त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "दादाला हेच ऐकायचं होतं. चेहऱ्याबद्दल." कागद त्यांनी पुढे कोणाला दाखवला की नाही, ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर मास्तर खाली आले नाहीत.

त्या संध्याकाळी मात्र ते उठायला तयार नव्हते. बंब डब्यात ठेवायचा तर आधी गाडी करायला हवी, म्हणाले. त्यांनी तो हातात घेतला. बोटं पायांकडे गेली, मग कंबरेकडे, मग पुन्हा पायांकडे, आणि मधेच थांबली. पुढचं काही सुचेना. ते आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

चिमट्या त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. खांद्यावर वाकला, हात पाठीशी बांधून, आणि नेहमीसारखं पुटपुटला, "आधी पाय वर घ्या, मास्तर. मग कंबर."

मास्तरांनी पाय वर घेतले. कंबर आपोआपच फिरली.